जांभूळबी, कारल्याचा रस, आवळा: साखरेसाठी काय घ्यावं?

रानवारा:
आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, तरी एचबीएवनसी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.१ टक्के आलंय. जांभळाच्या बियांचं चूर्ण, कारल्याचा रस आणि आवळा घेतला की स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं, असं नातेवाईक सांगतात. कुणाला अनुभव आहे का? गोळ्या बंद करता येतील?

मृदा:
गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका. आणि कारल्याचा रस जपून. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. त्यात रसाची भर पडली आणि जेवायला उशीर झाला, की साखर ७०च्या खाली जाऊ शकते. माझ्या सासूबाईंचं तसंच झालं. हात थरथरायला लागले, कपाळावर गार घाम, विचारलं एक तर उत्तर भलतंच. शुद्धीत होत्या म्हणून तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी परत तपासली, मग जेवायला वाढलं. कारल्याची भाजी मात्र खुशाल करा.

शतावरी:
जांभूळबीने मेलेल्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, परत येतात, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. जांभूळ फळ म्हणून बेताने खाल्लं तर चांगलंच, चोथाही पोटात जातो. चूर्ण घ्यायचंच असेल तर बिया धुऊन, वाळवून घरी कुटा. विकतच्या काही चूर्णांत मधुमेहाची गोळी चोरून मिसळलेली सापडली आहे, मग गुण ‘लगेच’ येणारच! दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही घेऊ नका, रक्ताच्या उलट्या होण्यापर्यंत मजल जाते.

रानवारा:
रक्तातलं क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) थोडं वाढलंय. मग आवळा?

मृदा:
हे आधी सांगायला हवं होतं हो! मूत्रपिंड कमजोर असेल तर कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, पूर्ण वर्ज्य. बिलिंबीचा रसही नको, त्यातल्या ऑक्सलेटने मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. आवळ्याची एखादी फोड तोंडी लावायला ठीक, रोज पेलाभर रस नको. आणि मेटफॉर्मिनचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या, तो मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो.

शतावरी:
काहीही सुरू केलंत तरी एका वेळी एकच, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्याआधी फरक शोधू नका. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर चूर्ण-काढे बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा. तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो.