मदत हवी आहे: भाच्याचा डावा खुबा सरकलाय, उजव्यातही स्क्रू घालावा का?

नमस्कार मंडळी,

भाचा बारा वर्षांचा, अंगाने चांगलाच भरलेला. पावसाळ्यापासून डावा गुडघा दुखतो म्हणायचा. गुडघ्याच्या एक्सरेत काही निघालं नाही, म्हणून वाढीच्या वयाचं दुखणं समजून तेलमालीश चाललं होतं. मग तो लंगडायला लागला, चालताना डावं पाऊल बाहेर वळायला लागलं. दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी त्याला झोपवून मांडी पोटाकडे दुमडली, तर पाय सरळ वर येईचना, बाहेरच वळला. लगेच खुब्याचे एक्सरे काढले, एक समोरून आणि एक बेडकासारखे पाय फाकवून. निदान: स्लिप्ड कॅपिटल फिमोरल एपिफिसिस. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या पट्टीपाशी सरकतो म्हणे. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे आमच्या गावीही नव्हतं!

तिथूनच व्हीलचेअरवर बसवून दाखल केलं. पाय टेकून चालू शकतो म्हणून 'स्टेबल' प्रकार. गोळा आहे तिथेच एका स्क्रूने पक्का करणार आहेत, परवा. त्याबद्दल शंका नाही.

प्रश्न उजव्या पायाचा. तो आज ठणठणीत आहे, पण पुढे तोही सरकू शकतो. डॉक्टर म्हणतात, एकाच भुलीत तिथेही स्क्रू घालू, नाहीतर ठरावीक महिन्यांनी एक्सरे काढून लक्ष ठेवू. ताई म्हणते चांगल्या पायाला भोक कशाला, दाजी म्हणतात एकदाच होऊन जाऊ दे. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे; मुलाला पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. यावर सर्जनांचंही एकमत नाही. वय जितकं कमी तितकी वाढ शिल्लक, म्हणजे धोका जास्त. थायरॉइडसारखा हार्मोनचा बिघाड असेल तर बहुतेक जण दोन्हीकडे स्क्रू घालतात. ती तपासणी झालीय का? उलट बाजूने, जंतुसंसर्ग, हाड मोडणं, क्वचित गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, हे धोके चांगल्या खुब्यालाही आहेतच. थांबायचं ठरलं तर उजवी जांघ, मांडी किंवा गुडघा जरा जरी दुखला तरी पाय टेकवायचा नाही, त्याच दिवशी एक्सरे. हे तुमच्याकडून होईल का, ते आधी बघा.

धागाकर्ता
आभार. थायरॉइडचा रिपोर्ट उद्या येतोय. त्याच दिवशी एक्सरे मात्र कठीण. ताईच्या वाडीतून तालुक्याला दिवसाला दोनच एसटी, आणि हा पठ्ठ्या दुखणं लपवण्यात पटाईत. माझा कल आता दाजींकडे झुकतोय. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांपुढे हेच मांडतो.