शाळेच्या भिंतीवरचं नाव : माजी खेळाडूंच्या गौरवाचे तुमचे अनुभव

आमच्या हायस्कूलला पुढच्या वर्षी ७५ वर्षं होतील. माजी विद्यार्थी संघाने ठरवलंय की त्या निमित्ताने शाळेकडून खेळलेल्यांचा एक गौरवफलक मैदानाकडच्या भिंतीवर लावायचा. मी शाळेकडून चार वर्षं कबड्डी खेळले, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मागच्या आठवड्यात शाळेत जाऊन बघितलं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांचा फलक आहे. पहिल्या तुकडीपासूनचं एकही वर्ष चुकलेलं नाही. खेळाडूंसाठी आहे ते जिन्याखालचं एक काचेचं कपाट. शिपाईकाकांनी किल्ली शोधून उघडून दिलं. आत ४१ ढाली आणि चषक. मी प्रत्येक फडक्याने पुसून वाचला. स्पर्धेचं नाव आहे, वर्ष आहे, शाळेचं नाव आहे. ज्यांनी जिंकलं त्या मुलामुलींचं नाव एकावरही नाही. त्यातल्या दोन ढाली आमच्या संघाच्या आहेत. त्या हातात घेतल्या आणि मला तिथेच खाली बसावं लागलं.

आता नावं शोधायची आहेत. कुणाची लिहायची, कशी शोधायची, सत्कार कसा करायचा, या सगळ्यावर तुमचे अनुभव हवेत. तुमच्या शाळेने असं काही केलं असेल, तुमचा सत्कार झाला असेल, किंवा व्हायला हवा होता आणि झाला नसेल, तर सविस्तर लिहा.

कराडहून

आमचं गाव गोळेश्वरच्या जवळ, त्यामुळे सुरुवात खाशाबांपासूनच करतो. पैलवान खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट आमच्याकडे पोरांना अंगाईसारखी ऐकवतात.

परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. माझे आजोबा त्यातली एक गाडी हाकत होते. म्हातारपणी त्यांना कालचं जेवण आठवायचं नाही, पण त्या दिवशी बैलांच्या शिंगांना कुठला रंग लावला होता ते आठवायचं. आणि पुढचं बघा. १९५५ ला खाशाबा पोलीस खात्यात लागले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. चांगलंच आहे, पण बघायला ते नाहीत.

गावाने मात्र त्याच वर्षी गाड्या जुंपल्या. दिल्लीला अर्ज लागतो, गावाला माणूस माहीत असतो. तुमच्या शाळेलाही तिची माणसं माहीत आहेत. एवढंच सांगतो की वयाने सगळ्यांत मोठ्या खेळाडूकडे आधी जा. महोत्सवाच्या तारखेची वाट बघू नका.

धाराशिव जिल्ह्यातून

माझा सत्कार झाला, शाळा सोडून २७ वर्षांनी. १९९६ ला आमचा मुलींचा खो-खो संघ राज्य स्पर्धेला गेला होता. मातीचं मैदान. पहाटे आम्हीच घागरीने पाणी मारायचो, मग सराव. सूर मारून मारून दोन्ही गुडघे सोललेले. आई हळद लावायची आणि म्हणायची, हे पाय बघून कोण करून घेणार तुला?

लग्न झालं, आडनाव बदललं, गाव बदललं. शाळेने पत्र पाठवलं ते माहेरच्या पत्त्यावर. तिथे आता कुणी राहत नाही, पत्र परत गेलं. मग शाळेतल्या एका तरुण बाईंनी जुन्या हजेरीपटातली बारा नावं कागदावर लिहिली आणि गावातल्या बचत गटाच्या बायकांकडे दिली. चार दिवसांत नऊ जणी सापडल्या. कोण कुणाची नणंद, कुणाची जाऊ, कुणाची विहीण, हे कुठल्या दप्तरात सापडायचं नाही. मुलींचे संघ शोधायचे असतील तर हाच रस्ता धरा.

बाईंनी फोनवर विचारलं, फलकावर कुठलं नाव लिहू? मी म्हटलं, माहेरचं. पळाली ती ती मुलगी होती. फोन ठेवल्यावर वाटलं, घरी काय म्हणतील. माझ्या नवऱ्याने ऐकलं होतं. ते म्हणाले, बरोबर आहे, तेव्हा मी कुठे होतो?

कार्यक्रमाला आम्ही आठ जणी गेलो. एक आजारी होती. दोघींचा पत्ता लागलाच नाही आणि आमची शेवटच्या तुकडीची संरक्षक २००९ ला बाळंतपणात गेली. तिच्या आईला बोलावलं होतं. शाल त्यांच्या खांद्यावर घातली तेव्हा त्या माऊलीने ती काढून उराशी धरली आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडली नाही. माझी मुलगी शेजारी बसली होती. घरी येताना एसटीत तिने माझा गुडघा दाबून विचारलं, आई, हा व्रण त्याचाच का गं? इतकी वर्षं ती समजत होती की मी कुठेतरी पडले होते.

आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व केलं, तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, तो सामना मी टीव्हीवर उभी राहून बघितला. आमच्या वेळी असं काही नव्हतं. आमच्यासाठी शाळेचं नाव काढणं हेच सगळ्यांत मोठं होतं. म्हणून त्या भिंतीवर नाव येणंही तेवढंच मोठं आहे.

दादर

मी शाळेच्या संघाचा स्कोअरर होतो. हॅरिस शील्डमध्ये, म्हणजे मुंबईच्या शाळकरी क्रिकेट स्पर्धेत, आमची शाळा दुसऱ्या फेरीच्या पुढे फारशी गेली नाही, पण वह्या मी अजून जपल्या आहेत. त्या वह्यांवरून दोन वर्षांपूर्वी आम्ही संघांची नावं लावली. आधीच्या फलकावर फक्त कर्णधार होते.

शाळकरी क्रिकेटचा विषय निघाला की सगळे फेब्रुवारी १९८८ ची ती भागीदारी सांगतात. शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, उपांत्य सामना, कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, ६६४ धावांची अभंग भागीदारी. मला त्या सामन्यातला तिसरा मुलगा आठवतो. अमोल मुझुमदार पुढच्या क्रमांकावर पॅड बांधून बसला होता आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या, पण भारताकडून एकही सामना मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. त्या रात्री मी मैदानावरच्या मुली बघत होतो आणि मला पॅड बांधून बसलेला तो शाळकरी मुलगा दिसत होता.

फलकाचा निकष ठरवताना समितीत कुणीतरी हमखास म्हणेल, फक्त राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय घ्या. कृपा करून ऐकू नका. देशाकडून खेळलेल्यांची नोंद जग ठेवतं. राखीव खेळाडूची नोंद शाळेने ठेवली नाही तर कोण ठेवणार?

कोल्हापूर

आमच्याकडचं साधं उदाहरण देते. तेजस्विनी सावंत उषाराजे हायस्कूलची. २००६ ला मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने नेमबाजीत सुवर्ण जिंकलं, २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबत त्याच शाळेत एनसीसी करत होती, तिथेच तिने पहिल्यांदा बंदूक हातात धरली. आपल्या शाळेची मुलगी एवढी पोचली हे बघून ती नेमबाजीकडे वळली आणि २०१८ ला २५ मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज झाली. शाळेत ज्या बाकावर आपण बसतो त्याच बाकावर ती बसली होती, हे पोरीच्या मनात ठसलं की निम्मं काम झालं. म्हणून फलकावर नावाशेजारी शाळा सोडल्याचं वर्ष आणि तुकडी नक्की लिहा. ‘दहावी ब’ असं. पोरं आधी तेच वाचतात.

न्यू जर्सीहून

इथे अनेक हायस्कूलमध्ये ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे गौरवभिंत, असते. माझ्या मुलीच्या शाळेत जिमच्या बाहेरच्या भिंतीवर पितळी पाट्या आहेत. पद्धत मला आवडली म्हणून लिहिते. शाळा सोडून ठरावीक वर्षं व्हावी लागतात, आमच्याकडे दहा. नाव कुणीही सुचवू शकतं. समितीत जुने प्रशिक्षक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी असतात. दरवर्षी पाच-सहाच नावं घेतात, त्यामुळे प्रत्येकाला वेळ मिळतो. एकेका खेळाडूबरोबर कधी एखादा अख्खा संघ घेतात, कधी प्रशिक्षक, तर कधी वर्षानुवर्षं मैदानाची निगा राखणारा माणूस. शरद ऋतूत माजी विद्यार्थ्यांच्या आठवड्यात फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांना मैदानावर आणतात आणि पूर्ण गाव उभं राहतं.

तीन वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका बाईंना घेतलं. त्या शाळेत होत्या तेव्हा मुलींचा धावण्याचा संघच नव्हता. शिक्षणात मुलामुलींना समान संधी देणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ ला आला, त्याच्या आधीच्या त्या. शाळा सुटल्यावर मुलांच्या सरावामागे एकट्या पळायच्या. त्यांची पदकं नाहीत, विक्रम नाही. समितीने लिहिलं की धावण्याची संधी शाळेने दिली नाही, तरी ही मुलगी धावत राहिली. मला तेव्हा साताऱ्याची माझी मावशी आठवली. गावातल्या मुलांना शर्यतीत मागे टाकायची आणि आठवीनंतर तिला मैदानावर जाऊ दिलं नाही. तुमच्या फलकावर अशा एखादीसाठी जागा होते का बघा. मला माहीत आहे, निकषात बसवणं कठीण आहे.

नाशिक, निवृत्त क्रीडाशिक्षक

३१ वर्षं आदिवासी भागात पी.टी. शिकवली. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेतलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. त्यानंतर आमच्या पट्ट्यात अनवाणी पळणाऱ्या पोरींकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सत्काराबद्दल मात्र माझ्या मनात एक सल आहे. एका शाळेने माझ्या विद्यार्थ्याला बोलावलं. राज्य पातळीवर दोनदा पदक घेतलेला मुलगा, आता पिकअप चालवतो. दिवसाचं भाडं सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून, बायको-मुलांना घेऊन आला. पाहुणे अडीच तास उशिरा आले. त्यांची पन्नास मिनिटांची भाषणं झाली. मग सात खेळाडूंना एका रांगेत उभं करून एकदमच हार घातले, फोटो काढला. नावं वाचली, त्यात याचं चुकीचं वाचलं. हा काही बोलला नाही. गाडीत बसताना मला म्हणाला, सर, तुम्ही वेळ लावून पळवायचात तेव्हा बरोबर नाव घ्यायचात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याचा हात धरून उभा राहिलो.

तुम्हाला हात जोडून सांगतो. पाहुणे बोलवू नका. प्रत्येक खेळाडूला पाच मिनिटं द्या आणि त्याच्याबद्दल त्याच्याच संघातल्या माणसाला बोलू द्या. नाव आदल्या दिवशी त्याच्या तोंडून ऐकून घ्या.

सांगलीहून, थोडक्यात

दिव्यांग खेळाडू सुटू देऊ नका. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकून आले, ते भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. तुमच्या शाळेतही कुणीतरी असेल ज्याचं नाव कपाटातल्या ढालीपर्यंतसुद्धा पोचलं नाही.

पुणे

आमच्या शाळेत रंगवलेला फलक होता. त्यात माझ्या वडिलांचं नाव होतं, मल्लखांब. इमारतीला रंग दिला तेव्हा त्यावरूनही हात फिरवला. वडिलांना मी सांगितलं नाही. फलक दगडात किंवा पितळेत करा, आणि त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवा.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, काही समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. शाल कवटाळून बसलेल्या आईपाशी मला थांबावं लागलं, पुढचं आमच्या सचिवांनी वाचलं.

काही गोष्टी ठरल्या. प्रमुख पाहुणे नाहीत. संघ पूर्ण लिहायचा, राखीव खेळाडूंसकट. मुलींना विचारून आडनाव. वर्ष आणि तुकडी. पितळी पाट्या, दरवर्षी थोड्या थोड्या. हजेरीपटांतून आतापर्यंत ६३ नावं निघाली, त्यातल्या २२ जणांशी बोलणं झालं. मावशींच्या प्रश्नावर अजून एकमत नाही. तो मी सोडलेला नाही.

कराडच्या दादांनी सांगितलं तसं सगळ्यांत मोठ्यांकडे आधी गेले. शाळेच्या पहिल्या व्हॉलीबॉल संघातले एकच हयात आहेत, ८८ वर्षांचे. डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी आपल्या संघातली सगळी नावं कोण कुठे उभा राहायचा त्या क्रमाने सांगितली, जाळीजवळचे आधी, मग मागचे. मी लिहून घेतली आणि परत वाचून दाखवली. एका नावापाशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, “त्याला सगळे बाळ्या म्हणायचे. पण तू पूर्ण नाव लिही, आणि अक्षर मोठं काढ. तो शेवटच्या रांगेत असायचा.”