लिव्हर सिरोसिस आणि व्हिटॅमिन डी फक्त ९ : गोळी, ऊन की इंजेक्शन?

गोदाकाठ
नमस्कार. माझ्या सासऱ्यांना (वय ६३) दोन वर्षांपूर्वी लिव्हर सिरोसिसचं निदान झालं. दारूचा थेंबही कधी घेतला नाही, जुना मधुमेह आणि त्यातून फॅटी लिव्हर. गेल्या आठवड्यात व्हिटॅमिन डी ९ नॅनोग्रॅम आलं. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, पोटऱ्या दुखतात. डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या गोळ्या लिहून दिल्या, पण गर्दीत काही विचारता आलं नाही.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात, सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसवा. भाऊजी म्हणतात, एकदाच इंजेक्शन देऊन मोकळे व्हा. शेजारच्या काकू म्हणतात, डीने लिव्हर सुधारतं, गोळी रोज द्या. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी कृपया सांगा.

आईची_लेक
ताई, आधी हे वाचा, बाकी नंतर. ती गोळी बहुतेक आठवड्यातून एकच असते. चिठ्ठी पुन्हा बघा आणि डॉक्टरांना फोन करून खात्री करा.

माझ्या आईला पित्तनलिकांचा जुना आजार आहे, पीबीसी म्हणतात. आमच्याकडे समजण्यात घोटाळा झाला आणि जवळजवळ दोन महिने गोळी रोज दिली गेली. तिला सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठ आणि मग बोलण्यात गोंधळ. आम्हाला वाटलं लिव्हरमुळे रक्तात अमोनिया वाढला, म्हणून तो उतरवणारं जुलाबाचं औषध, लॅक्टुलोज, वाढवत बसलो. ॲडमिट केल्यावर कळलं की रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. सिरोसिसमध्येही माणूस असाच भ्रमिष्टासारखा होतो, त्यामुळे पटकन ओळखू येत नाही. तो आठवडा आठवला की आजही झोप लागत नाही.

खलबत्ता
पंधरा वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे, त्यावरून लिहितो.

उन्हाने कातडीत तयार झालेलं डी आधी लिव्हरमध्ये जातं, तिथे त्याचं रूप बदलतं आणि मग किडनी त्याला कामाचं करते. तपासणीत मोजतात ते लिव्हरमधून निघालेलं रूप. त्यामुळे लोकांना वाटतं, लिव्हर बिघडलं की गोळी वायाच जाणार. तसं नाही. हे काम लिव्हर आजार बराच पुढे जाईपर्यंत करत राहतं. डी कमी पडतं त्याची कारणं बरीचशी दुसरीच असतात: पित्त नीट न आल्याने स्निग्ध पदार्थांबरोबर डीही पचत नाही, जेवण कमी, आणि आजारी माणूस घराबाहेर पडत नाही. शिवाय डीला रक्तात वाहून नेणारं प्रथिन लिव्हरच बनवतं. ते घटलं की रिपोर्टमधला आकडा खऱ्या स्थितीपेक्षा थोडा वाईट दिसू शकतो. म्हणून अल्ब्युमिनचा (लिव्हर बनवतं ते रक्तातलं आणखी एक प्रथिन) रिपोर्टही सोबत न्या.

युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गोळी देऊन ३० च्या वर न्यावं असं आहे. ९ म्हणजे द्यायलाच हवी. पण काकूंना प्रेमाने सांगा की डीने सिरोसिस बरा होतो किंवा आयुष्य वाढतं असं प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही. गोळी कमतरता भरून काढायला आणि हाडं सांभाळायला आहे.

इंजेक्शनची घाई नको. सिरोसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात, रक्त गोठायला वेळ लागतो, स्नायूत सुई टोचली की रक्त साकळू शकतं. गोळी दुपारच्या जेवणासोबत द्या, उपाशीपोटी नको.

हिरवा_अंगठा
आमच्याकडे गुळवेलीचा काढा देतात, लिव्हर साफ होतं. सोबत माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या कॅप्सूल. डी आपोआप वाढतं.

खलबत्ता
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण सिरोसिसच्या माणसाला हे दोन्ही नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तरी ज्याचं लिव्हर आधीच थकलंय त्याच्यावर प्रयोग कशाला? आणि त्या तेलात ए जीवनसत्त्वही असतं, जास्त झालं तर ते लिव्हरलाच बाधतं.

आईची_लेक
उन्हाचं राहिलं. सकाळी सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते ते ऊन कामाचं, आणि खिडकीच्या काचेआडून उपयोग नाही. सासूबाईंना दुखवू नका, कोवळ्या उन्हात बसून बाबांना बरं वाटत असेल तर बसू द्या. फक्त गोळीऐवजी ते धरू नका.

अजून एक. ते एकादशी करतात का? सिरोसिसमध्ये लांब उपास स्नायू खातो. झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्याच. उठताना हात टेकावे लागतात, त्यात हेही कारण असू शकतं.

गोदाकाठ
दोघांचे किती आभार मानू. चिठ्ठी पाहिली, आठवड्याला एक, आठ आठवडे. काकूंचं ऐकून परवा आणि काल अशा दोन गोळ्या दिल्या गेल्या होत्या. आत्ताच डॉक्टरांच्या मदतनीसांशी बोलले: पुढची गोळी दोन आठवड्यांनी, आणि सोमवारी कॅल्शियम तपासायचं. पाकिटावर मार्करने 'फक्त रविवार' लिहिलंय. बाबा एकादशी सोडायला तयार नाहीत, पण रात्री दूध-राजगिऱ्याचा लाडू घेईन म्हणालेत.