विषय: स्टेडियमच्या पत्राला मंडळाचा पाठिंबा द्यायचा का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात फुटबॉलसाठी स्वतंत्र नवं स्टेडियम व्हावं म्हणून तिकडच्या काही तालमींच्या, म्हणजे फुटबॉल संघ चालवणाऱ्या पेठांतल्या मंडळांच्या, पोरांनी पत्र तयार केलंय. आपल्यासारख्या परदेशातल्या मंडळांनीही सही करावी अशी त्यांची विनंती आहे. मसुदा सोबत जोडलाय. रविवारच्या बैठकीआधी मतं कळवा.

— सचिव

*

सचिव काका,

मसुदा वाचला. ‘भव्य’ आहे, ‘अद्ययावत’ आहे, ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ तर दोनदा आहे. जागा कुठली आणि मालकी कुणाची, हे मात्र कुठंच नाही. कोऱ्या कागदावर अंगठा कशाला उठवायचा?

आताच्या शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतनं माणूस चालत जातो. चारची मॅच असली तर तीनलाच तालमीसमोर पोरं गोळा होतात. कुणीतरी हलगी तापवत बसलेला असतो, कुणी झेंड्याला काठी शोधत असतो, आणि ऑफिसातनं पळून आलेला एखादा काका टोपी डोळ्यांवर ओढून मागनं येत असतो. मी मुलगी, तरी शाळेत असताना भावाच्या मागं लागून गेलो होतो, घरी सांगितलं नव्हतं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस: हे सगळे संघ पेठांतले, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर.

आता हेच मैदान शेंडा पार्ककडं नाहीतर हायवेपलीकडं नेलं तर तिथं कोण जाईल? ज्याला गाडी मिळेल तो. आणि गाडी कोण देईल, हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. आज गॅलरीतलं पोरगं स्वतःच्या पैशानं तिकीट काढतं, चालत येतं आणि वाट्टेल त्याच्या नावानं बोंब मारतं. उद्या तिकीटही नेत्याचं, गाडीही नेत्याची, मग घोषणा कुणाच्या? स्पर्धांना नेत्यांची नावं आहेतच. सतेज चषक आहे, चंद्रकांत चषक आहे. त्याला माझी ना नाही, बक्षिसाला पैसा लागतो. पण गॅलरी तरी आपली राहू दे.

आणि रेसकोर्सवरचं विभागीय क्रीडा संकुल किती वर्षं रखडलं ते आठवा. नारळ फोडायला सगळे येतात, पुढं गवत कापायलाही कुणी येत नाही.

— मंगळवार पेठ, सध्या लंडन

*

ताई,

पटलं नाही. तुम्ही मॅचचं वर्णन लई भारी केलंय, पण मॅच सुटल्यावरचं सोडून दिलंय. दोन्हीकडची पोरं एकाच वेळी बाहेर पडतात, त्याच गल्ल्यांत एकमेकांना भिडतात. दगड, बाटल्या, मग पोलिसांच्या काठ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि स्पर्धा बंद करायची भाषा सुरू. त्यात बायका-पोरींनी गॅलरीत बसायचं कुठं? तुम्हालासुद्धा चोरून जावं लागलं, ते उगीच का?

२०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला. पण तयारीला त्याला पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. एवढं फुटबॉल खुळं गाव, आणि पोराला घडवायची सोय दुसरीकडं. नवं काही नकोच म्हटलं तर हे असंच चालायचं.

मी राहतो त्या लिव्हरपूलमध्ये एव्हर्टन क्लबनं १८९२ पासूनचं गुडिसन पार्क २०२५ मध्ये सोडलं आणि गोदीकाठच्या नव्या स्टेडियमात गेले. म्हातारी माणसं रडली, खरंय. पण जुनं मैदान पाडलं नाही, बायकांच्या संघाला दिलं. असंही होऊ शकतं की.

— शिवाजी पेठ

*

दादा,

एव्हर्टनचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातंय. ते गेले कुठं? त्याच शहरात, तीनेक किलोमीटरवर. लांब नेल्यावर काय होतं ते लंडनच्या विंबल्डन फुटबॉल क्लबला विचारा. २००२ मध्ये फुटबॉल असोसिएशनच्या आयोगानं क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली. समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला आणि अगदी खालच्या लीगपासनं खेळत वर आले. २०२० मध्ये प्लाऊ लेनला, जुन्या मैदानाच्या जवळच, स्वतःचं स्टेडियम उभं केलं. मधल्या काळात स्थानिक कौन्सिलचे उंबरे झिजवले आणि शेवटी पैसा कमी पडला तेव्हा समर्थकांनीच कर्जरोखे घेतले. आता तर इथं २०२५ च्या कायद्यातच लिहिलंय की क्लबनं मैदान हलवायचं असेल तर समर्थकांना विचारावं लागेल.

आपल्याकडं विचारणार कोण? नोव्हेंबर २०२० ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच. वॉर्डातल्या माणसानं गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. पण पेठांनी मनावर घेतलं की काय होतं ते शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलच्या वेळी बघितलंय सगळ्यांनी, २०१५ मध्ये टोल घालवूनच गप्प बसले. त्या आंदोलनात पेठापेठांतल्या तालमी होत्या. म्हणजे वजन आहे, ते आधीच एखाद्या आमदाराच्या पारड्यात टाकून मोकळं व्हायचं नाही एवढंच म्हणतोय मी.

म्हणून पत्रात घाला: मैदान पेठांपासून चालत जाण्यासारखं असावं, नाहीतर आहे तेच शाहू स्टेडियम नीट करावं. वर्षभराच्या देखभालीचा खर्च कोण देणार ते आधी लेखी द्यावं. समितीत तालमींचे प्रतिनिधी असावेत, तेही तालमींनीच निवडलेले. स्वच्छतागृहं आणि बायकांसाठी वेगळी गॅलरी पहिल्या दिवसापासून. एवढं असेल तर माझी सही घ्या.

— मंगळवार पेठ

*

ताई,

चालतंय. अजून एक अट वाढवा: दोन्ही गॅलऱ्यांना वेगळी दारं आणि बाहेर पडायचे रस्तेही वेगळे. तुमचं पाटाकडील हरलं की तुमच्याच गल्लीतनं घरी जावं लागतंय आम्हाला.

— शिवाजी पेठ