मदत हवी आहे : न्यूयॉर्कमध्ये फ्रॅकिंगबंदी, पलीकडे पेनसिल्व्हेनियात परवानगी. बोअरचं पाणी असलेलं घर घेताना काय तपासावं?

सीमेवरचं_घर

नमस्कार मंडळी. बिंगहॅम्टनच्या आसपास दोन घरांवर निर्णय अडला आहे. एक न्यूयॉर्कच्या ब्रूम काउंटीत आहे, दुसरं सीमेपलीकडे पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहॅना काउंटीत, 6 एकर जमिनीसह. दोन्हीकडे सार्वजनिक पाणीपुरवठा नाही, घराची स्वतःची बोअर आहे. दुसऱ्या घरापासून साधारण 1,800 फुटांवर गॅसविहिरींचा पॅड (एका जागी अनेक विहिरी खोदण्यासाठी सपाट केलेली जागा) आहे. विकणारे म्हणतात, 'गॅसचे हक्क आमच्याकडेच राहतील, बाकी सगळं तुमचं.'

न्यूयॉर्कची फ्रॅकिंगबंदी (फ्रॅकिंग म्हणजे खोल खडकात दाबाने पाणी सोडून, भेगा पाडून गॅस काढणं) कितपत पक्की आहे? पेनसिल्व्हेनियात कायद्याचं संरक्षण किती? पाणी कुठकुठल्या गोष्टींसाठी तपासायचं? आणि 'गॅसचे हक्क आमच्याकडे' याचा व्यवहारात अर्थ काय? जाणकारांनी सांगावं.

कागदोपत्री

आधी बंदी. 2008 मध्ये गव्हर्नर पॅटरसन यांनी पर्यावरण खात्याला पुरवणी परिणाम-अभ्यास करायला सांगितलं आणि तेव्हापासून परवाने थांबले. 17 डिसेंबर 2014 ला गव्हर्नर कुओमो यांच्या सरकारने बंदी जाहीर केली, जून 2015 मध्ये खात्याचा अंतिम निर्णय निघाला. पण तो खात्याचाच निर्णय होता, पुढच्या सरकारला फिरवता आला असता. एप्रिल 2020 मध्ये अर्थसंकल्पासोबत बंदी कायद्यात आली. आता ती उठवायची तर विधिमंडळाला कायदाच बदलावा लागेल. त्यामुळे ब्रूम काउंटीच्या घराबाबत ही भीती बरीच कमी धरा.

कमी म्हणजे शून्य नव्हे. कायद्यातली व्याख्या नीट वाचा. बंदी 'मोठ्या प्रमाणावरच्या' फ्रॅकिंगला आहे, म्हणजे एका विहिरीला 3 लाख गॅलन (सुमारे 11 लाख लिटर) किंवा त्याहून जास्त पाणी लागत असेल तर. राज्याच्या पश्चिमेला, शॉटोक्वा काउंटीकडे, जुन्या उभ्या विहिरी आहेत. त्या या व्याख्येत बसत नाहीत. व्याख्येत 'पाणी' हा शब्द होता, म्हणून 2023 मध्ये टेक्सासच्या एका कंपनीने ब्रूम, टायोगा आणि शमंग काउंटीतल्या जमीनमालकांना पत्रं पाठवली की पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरू. ती फट डिसेंबर 2024 च्या कायद्याने बुजवली. घराच्या कागदांत असं पत्र किंवा गॅसकंपनीशी केलेला भाडेकरार सापडला तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पेनसिल्व्हेनिया. 2012 च्या 13 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे शेलमधली (गॅस धरून ठेवणाऱ्या खोल, थरांच्या खडकातली) नवी गॅसविहीर घरापासून किंवा पाण्याच्या बोअरपासून 500 फूट लांब हवी, आणि मालकाने लेखी संमती दिली तर त्याहूनही जवळ चालते. 2020 मध्ये राज्याच्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) हे अंतर 2,500 फूट करा अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली.

तुमच्या कामाचा आकडा वेगळा आहे. गॅसविहिरीच्या उभ्या भोकापासून 2,500 फुटांच्या आत असलेल्या बोअरचं पाणी 12 महिन्यांत बिघडलं, तर दोष कंपनीचा असं कायदा गृहीत धरतो. नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. तुमचे 1,800 फूट त्यात बसतात. पण तीन मेखा आहेत:

– अंतर उभ्या भोकापासून मोजतात. घराखालून गेलेली आडवी शाखा त्यात धरत नाहीत.
– 12 महिने त्या विहिरीचं शेवटचं काम (खोदाई, फ्रॅकिंग किंवा फेरबदल) झाल्यापासून. पॅडवरच्या विहिरी जुन्या असतील तर मुदत संपलेली असेल. त्याच पॅडवर नवी विहीर आली तर तिच्यापुरती मुदत नव्याने सुरू होते.
– खोदाईआधी कंपनीला पाण्याचा नमुना घेऊ दिला नाही, तर हे संरक्षण जातं. जुन्या मालकाने नकार दिला होता का, ते विचारा.

पाणाड्या

पाण्याबद्दल लिहितो, कारण चर्चा बहुतेक वेळा चुकीच्या जागी अडकते.

या भागात ज्यातून गॅस काढतात तो मार्सेलस शेल जमिनीखाली साधारण 5,000 ते 7,500 फुटांवर आहे, तर घरगुती बोअर बहुधा काहीशे फुटांची. (खडकाचं नाव न्यूयॉर्क राज्यातल्याच मार्सेलस गावावरून पडलंय, तिथे तो पृष्ठभागावर उघडा दिसतो.) एवढ्या खोलीवर पाडलेली भेग थेट बोअरपर्यंत येईल ही शक्यता फार कमी. खरा दोष येतो विहिरीच्या वरच्या भागात. लोखंडी केसिंग (विहिरीत बसवलेला नळ) आणि खडक यांच्यामधल्या कड्यात सिमेंट नीट बसलं नाही, की मधल्या उथळ थरांतला गॅस त्या पोकळीतून वर सरकतो आणि भूजलात शिरतो. दुसरा धोका जमिनीवरचा: टाकी गळणं, टँकर उलटणं, खाऱ्या पाण्याचं तळं फुटणं.

सस्क्वेहॅना काउंटीतलंच डिमॉक गाव याचं उदाहरण. 1 जानेवारी 2009 ला तिथे एका घरच्या बोअरमध्ये साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या चौकशीचा रोख सदोष केसिंग आणि सिमेंटवर होता. 2022 मध्ये तिथे गॅसविहिरी खोदणाऱ्या कंपनीच्या वारसदार कंपनीने न्यायालयात आरोप लढवला नाही आणि सार्वजनिक पाणीवाहिनीसाठी सुमारे 1.6 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. मधे तेरा वर्षं गेली.

दुसरी बाजूही खरी आहे: या काउंटीत खोदाईच्या आधीपासून अनेक बोअरमध्ये मिथेन होता, दऱ्यांमध्ये विशेष. 2011 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना गॅसविहिरींपासून 1 किलोमीटरच्या आतल्या बोअरमध्ये सरासरी 19.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मिथेन आढळला, लांबच्या बोअरमध्ये 1.1. फ्रॅकिंगचं द्रव मात्र कुठल्याच पाण्यात सापडलं नाही. म्हणूनच आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर भांडायला काहीच उरत नाही.

तपासायचं ते असं:

– मिथेन आणि इथेन. इथेन दखल घेण्याइतका असेल तर गॅस बहुधा खोल थरातला; दलदलीच्या मिथेनसोबत तो जवळपास नसतो.
– क्लोराइड, ब्रोमाइड, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, एकूण विरघळलेले क्षार. मार्सेलसमधून परत येणाऱ्या पाण्याच्या या खुणा.
– बेन्झीन, टोल्युइन वगैरे.
– लोह, मँगनीज, आर्सेनिक, शिसं, सामू, कोलिफॉर्म जंतू. यांचा गॅसशी संबंध असेलच असं नाही. घर घेताना लागतातच.

ब्रोमाइड विसरू नका. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बोअरमध्ये उतरलं तरी क्लोराइड वाढतं. फरक क्लोराइड-ब्रोमाइडच्या प्रमाणात दिसतो. रस्त्याच्या मिठात ते हजारांच्या घरात जातं, खोल खाऱ्या पाण्यात त्याच्या कितीतरी खाली असतं. ब्रोमाइड मोजलंच नसेल तर कंपनी सहज म्हणेल की हे रस्त्याचं मीठ आहे.

नमुना स्वतः बाटलीत भरू नका. राज्यमान्य प्रयोगशाळेचा माणूस बोलवा आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची सहीनिशी नोंद मागा. ती नसेल तर न्यायालयात अहवालाला वजन नाही. पाणी सॉफ्टनर आणि फिल्टरच्या आधीच्या तोटीतून घ्यायचं, आधी 15-20 मिनिटं वाहू द्यायचं. मिथेनची कुपी बुडबुडा न राहता काठोकाठ भरली पाहिजे. हवा राहिली तर गॅस निसटतो आणि आकडा खोटा कमी येतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आकडे कसे वाचायचे: पेनसिल्व्हेनियाच्या नियमांत लिटरमागे 7 मिलिग्रॅम मिथेनपासून दखल घ्यायची असते. 10 ते 28 मध्ये बोअरच्या टोपीला हवा जाण्याची नळी बसवा आणि नियमित मोजत राहा. 28 च्या वर पाणी साध्या दाबाला मिथेन धरून ठेवू शकत नाही. तो तळघरात, पंपाच्या खड्ड्यात साठतो. हवेत 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. मिथेन पिण्याने विषबाधा होत नाही, धोका स्फोटाचा.

माचीवरून

सगळे धोके सांगताहेत, म्हणून वादाची दुसरी बाजू मांडतो. बंदीने सदर्न टियरमधल्या (न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण सीमेवरच्या पट्ट्यातल्या) दूधउत्पादक शेतकऱ्यांचं खरोखर नुकसान झालं. सीमेपलीकडच्या शेजाऱ्याला रॉयल्टी, याला फक्त मालमत्ता कर. 2015 मध्ये इथल्या काही गावांनी पेनसिल्व्हेनियात सामील होण्याचीही चाचपणी केली होती. न्यूयॉर्क स्वतः मात्र गॅस जाळतंच, तोही मोठ्या प्रमाणात पेनसिल्व्हेनियाचा. गॅस हवा पण विहीर शेजाऱ्याच्या अंगणात, हे मला पटत नाही.

पाणाड्या

शेतकऱ्यांना त्या बंदीची भरपाई मिळायला हवी होती, हे मान्य. तरी बंदी योग्यच होती असं माझं मत. 2014 मध्ये आरोग्य खात्याने दीर्घकालीन परिणामांची पुरेशी माहिती नाही म्हणून परवानगी देऊ नका असं सांगितलं. 2023 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचे अभ्यास आले, खर्च पेनसिल्व्हेनिया सरकारचा. दम्याचे झटके आणि विहिरींतून उत्पादन सुरू असणं यांचा ठळक संबंध आढळला. विहिरींजवळच्या मुलांत लिंफोमाचा धोका वाढलेला दिसला, ल्युकेमियाशी संबंध दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र सांगायला हवेत.

वाहतूकही धरा. सुरुवातीच्या वर्षांत मार्सेलसच्या एका विहिरीला 40 ते 60 लाख गॅलन पाणी लागे. 50 लाख गॅलन टँकरने आणायचं, 4,000 गॅलनचा एक टँकर, तर 1,250 खेपा. आता बरंच पाणी तात्पुरत्या वाहिन्यांतून येतं आणि परत आलेलं पुन्हा वापरतात, पण तुमच्या रस्त्यावर कोणती पद्धत आहे ते टाउनशिप कार्यालयात विचारा.

एक जोड. हा वाद आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. रिलायन्सने 2010 मध्ये मार्सेलसमध्ये भागीदारी घेतली होती, पुढे विकली. मेरीलँडने 2017 मध्ये फ्रॅकिंगवर बंदी आणली, पण त्याच राज्यातल्या कोव्ह पॉइंट बंदरातून शेलगॅस द्रवरूपात निर्यात होतो, आणि गेल या भारताच्या सरकारी गॅसकंपनीचा तिथे दीर्घ मुदतीचा करार आहे. गेलचं अमेरिकी गॅसचं दीर्घ करारातलं पहिलं जहाज मार्च 2018 मध्ये आपल्या दाभोळला लागलं. ते लुइझियानातून आलं होतं.

कागदोपत्री

'गॅसचे हक्क आमच्याकडे' याचं उत्तर राहिलं. याचा अर्थ रॉयल्टी त्यांना, आणि ट्रक, दिवे, आवाज तुम्हाला. शिवाय गॅसहक्काच्या मालकाला गॅस काढण्यापुरता जमिनीचा वाजवी वापर करता येतो. म्हणून हक्क सोडायचे असतील तर बदल्यात 'जमिनीच्या पृष्ठभागावर पॅड, रस्ता, पाइप, तळं काहीही नाही' हे कलम खरेदीखतात घाला आणि नोंदवून घ्या. आधीचा भाडेकरार चालू असेल तर हे कलम कंपनीला बांधत नाही. तिच्याकडून वेगळी लेखी कबुली लागेल.

इथे सातबारा नाही. मॉन्ट्रोजच्या (सस्क्वेहॅना काउंटीच्या मुख्य गावाच्या) नोंदणी कार्यालयात खरेदीखतांची साखळी मागे मागे शोधावी लागते. टायटल विम्यातून (मालकीत दोष निघाल्यास भरपाई देणाऱ्या विम्यातून) गॅसहक्क बहुधा वगळलेले असतात, त्यामुळे तेल-गॅसहक्काचा शोध वेगळा सांगा. जुन्या खतात नुसतं 'खनिजे राखून' लिहिलं असेल तर पेनसिल्व्हेनियात त्यात तेल-गॅस धरत नाहीत. 1882 पासूनचा हा दंडक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मार्सेलसच्या गॅसलाही लागू केला. म्हणजे विकणाऱ्याचा दावा कागदावर टिकतो का, तेही तपासा.

करार पाच वर्षांचा होता म्हणून संपला असेल असंही धरू नका. गॅस निघतोय तोवर तो चालू राहतो. हक्क तुमच्याकडे येणार असतील तर किमान 12.5 टक्के रॉयल्टीतून वाहतूक, दाबणी, शुद्धीकरण यांचा खर्च कापता येतो असं न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं आहे. करारात कपात नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते बघा.

सीमेवरचं_घर

खूप आभार. विकणारे म्हणतात, कंपनीने पूर्वी पाणी तपासलं होतं, आता पुन्हा गरज नाही. आणि करारात तपासणीला 10 दिवस आहेत.

पाणाड्या

तो जुना अहवाल नक्की मागा, तोच खोदाईआधीचा एकमेव पुरावा. सोबत तुमची नवी तपासणीही करा, म्हणजे दोन तारखांमध्ये काय बदललं ते दिसेल. बोअरची खोली आणि केसिंगची नोंदही मागा. पेनसिल्व्हेनियात घरगुती बोअरच्या बांधकामाला राज्यभर लागू असे नियम नाहीत, त्यामुळे बोअरच सदोष असू शकते.

10 दिवस पुरणार नाहीत. मिथेन सापडला तर तो कुठल्या थरातला हे बघायला कार्बनच्या समस्थानिकांची चाचणी लागते आणि तिला वेळ जातो. 30 दिवस मागा, आणि मिथेन 7 मिलिग्रॅमच्या वर, बेरियम 2 च्या वर किंवा बेन्झीन सापडलं तर अनामत परत घेऊन बाहेर पडता येईल असं आकड्यांसह लिहून घ्या. 'पाणी समाधानकारक असल्यास' एवढंच लिहिलं तर समाधान कोणाचं यावर वाद होतो.