हॅमॉकखालची रजई घरी शिवतोय, टाके कुठं घालू?

डिसेंबरात मसाई पठाराजवळ हॅमॉकमध्ये (दोन झाडांना बांधायच्या कापडी झोळीत) झोपलो. स्लीपिंग बॅग चांगली, तरी पाठ पार गारठली. आता आईच्या मशिनवर अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली टांगायची रजई, शिवतोय. बाहेरून रिपस्टॉप (सहज न फाटणारं) नायलॉन, आत पॉलिएस्टर वॅडिंग (मऊ भर). गोधडीसारखे टाके घालू का?

उत्तर : नको भावा! अंगाखाली दबलेल्या बॅगेत ऊब धरणारी हवाच उरत नाही, म्हणून रजई बाहेरून टांगायची. आरपार शिलाई मारलीस की त्या रेषेवर भर चपटा होतो, तिथनंच थंडी शिरते. वॅडिंग कडेलाच पकड. दोन्ही टोकांना नेफा करून नाडी ओव.

उत्तर : साधं वॅडिंग मधे सरकतं. मी वीत-वीत अंतरावर हातानं सैल टाके घातले, टिकलेत.

प्रश्नकर्ता : काल परड्यात टांगली. मानेखालनं वारा येत होता. नाडी ओढली, ऊब आली. फार ताणली तर भर परत दबतो.