टस्कीगीच्या आधीचा बुलार्ड
बरेच जण म्हणतात की कृष्णवर्णीय अमेरिकन फायटर पायलट टस्कीगीपासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अलाबामातल्या टस्कीगीला तयार झालेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांपासून सुरू झाले. त्यांचं मोठेपण मान्यच हो, पण पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्येच युजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन लढाऊ विमान उडवत होता, तेही फ्रान्सकडून, आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर त्याने स्वतःच्या देशाकडे अर्ज केला तर रंगामुळे घेतलंच नाही.

आणि खरी कमाल पुढे आहे. १९५९ ला फ्रान्सने त्याला लेजियन ऑफ ऑनर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला तेव्हा हा गडी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्टमन होता, मग तिथल्याच टीव्ही स्टुडिओत त्याची मुलाखत झाली, लिफ्टमनच्याच युनिफॉर्ममध्ये! १९६१ ला गेला बिचारा. अमेरिकन हवाई दलाने सेकंड लेफ्टनंट केलं ते १९९४ ला, म्हणजे मेल्यावर ३३ वर्षांनी.